वाफेची मुखे पाहायला जाताना : वाचकांचे प्रश्न

ज्वालामुखीच्या प्रदेशातील वाफेच्या मुखांविषयी या महिन्यात चार पत्रे आली आणि चारही खानदेशातूनच आली. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला बेत ठरलेला आहे आणि प्रश्न जिवाचा आहे.

प्रश्न : मी भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन म्हणून लागलो आणि पुढे चालक म्हणून निवृत्त झालो. वय ६८. रोज पहाटे आठ किलोमीटर चालतो, गुडघे चांगले आहेत. मुलगा अमेरिकेत असतो. येत्या सप्टेंबरमध्ये तो, त्याचे दोन मित्र आणि मी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील शोशोनी सरोवराच्या काठच्या गरम झऱ्यांच्या आणि वाफेच्या मुखांच्या खोऱ्यात पायी जाणार आहोत. तिथे लाकडी फळ्यांची वाट नाही आणि गर्दीही नाही, म्हणूनच मुलाला ती जागा पाहायची आहे. नोकरीची पहिली दहा वर्षे मी वाफेच्या इंजिनावर काढली, त्यामुळे मला वाफेची भीती वाटत नाही. पण घरच्यांना वाटते. काय काळजी घ्यावी?
— एक निवृत्त रेल्वे चालक, भुसावळ

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. वाफ म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, याचा आनंद. आणि त्या ओळखीवर आपण फार विसंबाल की काय, याची काळजी.

आपण ज्या वाफेजवळ दहा वर्षे उभे राहिलात ती कोंडलेली आणि मोजलेली वाफ होती. डब्ल्यूजी इंजिनाच्या बॉयलरात चौरस इंचाला २१० पौंडांपर्यंत दाब चढत असे. पण तो किती चढला हे काट्यावर दिसत असे, पाणी किती उरले हे गेज ग्लासमध्ये दिसत असे, दाब मर्यादेबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह सुटत असे, आणि पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलेच तर फायरबॉक्सच्या माथ्यावरचा शिशाचा प्लग वितळून वेळीच इशारा देत असे. शोशोनीच्या खोऱ्यातही बॉयलर आहे. खाली उष्णता आहे, मध्ये पाणी आहे आणि वर खडकाचे झाकण आहे. मात्र तिथे काटा नाही, काच नाही, प्लग नाही, आणि आपण ज्यावरून चालणार आहात ते झाकण कुठे हातभर जाड आहे आणि कुठे भाकरीइतके, हे वरून पाहून कळत नाही.

हा बॉयलर फुटतोही. २३ जुलै २०२४ रोजी त्याच उद्यानातील बिस्किट बेसिन या भागात, भर दिवसा, पर्यटक फळ्यांच्या वाटेवर उभे असताना जमिनीखालचे अतितप्त पाणी एकदम वाफेत बदलले आणि दगड, चिखल व काळ्या पाण्याचा लोट आकाशात उडाला. फळ्यांची वाट मोडून पडली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. या घटनेत नवा लाव्हा कुठेही आला नव्हता. दाबाखाली कोंडलेल्या पाण्याचा दाब अचानक सुटला, एवढेच झाले. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी अशाच स्वरूपाचा, पण त्याहून फार मोठा स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती आणि त्यांतली २२ मरण पावली. अशा स्फोटाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही. म्हणून धगीच्या जागेत मुक्काम करू नये, जेवायला बसू नये, जे पाहायचे ते पाहून बाहेर पडावे. धोक्याच्या जागी आपण जितका कमी वेळ असतो तितका धोका कमी, हे साधे गणित आहे.

परंतु स्फोट ही क्वचितची गोष्ट आहे. नेहमीची आणि घात करणारी गोष्ट म्हणजे पायाखालची जमीन, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

त्या खोऱ्यातली जमीन पांढरी, कोरडी आणि सपाट दिसते. खडकातून वर येणारे गरम पाणी वाटेत सिलिका विरघळवून घेते आणि वर आल्यावर थंड होताना ती थराथरांनी सोडते. हा थर झऱ्याच्या काठावरून आत, पाण्यावर पसरत जातो. उकळत्या दुधावर साय धरावी तसा तो असतो. वरून पाहणाऱ्याला काठ जिथे संपलेला दिसतो, त्याच्या कितीतरी अलीकडेच खालची जमीन संपलेली असते. आपल्याकडे हतनूरचे पाणी उन्हाळ्यात मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळाला भेगा जातात आणि तो विटेसारखा टणक दिसतो. पण पाणी प्यायला निघालेले जनावर त्यात पोटापर्यंत रुतते, हे आपण पाहिले असेल. फरक एवढाच की आपल्याकडच्या पापडीखाली चिखल असतो आणि शोशोनीतल्या पापडीखाली उकळते पाणी. शोशोनीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,३७५ मीटर आहे. तेवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळू लागते, पण त्यामुळे भाजणे काही कमी होत नाही.

वाफेच्या मुखाभोवतीची जमीन आणखी फसवी असते. तिथे पाणी कमी आणि वायू जास्त असतात. वायूंतल्या हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाम्ल तयार होते आणि ते भोवतालच्या खडकाला कुजवून त्याची मऊ माती करते. म्हणजे मुख जितके जुने, तितकी त्याच्या काठची जमीन पोखरलेली. आइसलँडमधल्या नामाफ्यातल डोंगराच्या पायथ्याशी मी एकदा अशाच मुखांच्या माळावर गेलो होतो. दोरी लावलेली होती, परंतु आमच्या यात्रा कंपनीचा वाटाड्या छायाचित्रासाठी चार पावले दोरीपलीकडे गेला आणि मीही त्याच्या मागे गेलो. तिसऱ्या पावलाला उजवा पाय घोट्यापर्यंत राखी चिखलात गेला. बूट चामड्याचा आणि उंच होता, म्हणून पाय वाचला. तरी बूट काढेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात मोज्याच्या वरच्या काठाला पायाभोवती फोडांची रांग उठली. त्या ठिकाणी वाफ दिसत नव्हती, आवाज नव्हता, जमीन ओलीही नव्हती. दहा हातांवर मोठे मुख फुसफुसत होते आणि आम्ही सगळे त्याच्याकडेच पाहत होतो.

मला आपल्याला सर्वांत आधी सांगायचे आहे ते हेच. जे मुख गर्जना करते त्याच्यापासून माणूस आपोआप दूर राहतो. घात होतो तो त्याच्या शेजारच्या गप्प जागी.

वाफ दिसण्याविषयीही असेच आहे. घरात कुकरची शिट्टी होते तेव्हा नीट पाहा. शिट्टीच्या तोंडालगत बोटभर जागा मोकळी, स्वच्छ दिसते आणि पांढरा लोट त्याच्या वर सुरू होतो. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत असते. पांढरे दिसते ते वाफ थंड होऊन तयार झालेल्या पाण्याच्या थेंबांचे धुके. वाफेच्या मुखाशीही हेच घडते, आणि दुपारी हवा उबदार व कोरडी असली तर हे धुके जवळजवळ नाहीसे होते. सकाळच्या थंडीत जे खोरे धुराड्यांचे गाव वाटले तेच दुपारी दोन वाजता विझल्यासारखे वाटेल. ते विझलेले नसते. म्हणून खोऱ्यात पोहोचण्याची वेळ सकाळची ठेवावी. मुखे कुठे कुठे आहेत हे तेव्हाच नीट दिसते. शिवाय वाफ अंगावर आली तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते, कारण तिचे त्वचेवर पाणी होताना ती तिच्यात साठलेली सगळी उष्णता सोडते. हे आपण शेडमध्ये कोणाच्या तरी हातावर पाहिलेच असेल.

आता वायूंविषयी. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडलेल्या अंड्यासारखा असतो आणि तो हवेत अगदी नगण्य असला तरी नाकाला कळतो. त्यामुळे लोकांना वाटते की नाक आपल्याला सावध करील. पण हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभरेक भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. तीव्र वास येत होता आणि तो एकाएकी थांबला, तर हवा शुद्ध झाली असे समजू नये. तत्काळ चढावर आणि वारा जिकडून येतो त्या दिशेला निघून जावे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनाकाळातला मास्क या वायूला अडवत नाही. दुसरा वायू कार्बन डायऑक्साइड. त्याला वासच नाही, आणि तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने खड्ड्यांत, घळींत आणि बर्फाखालच्या पोकळ्यांत साचून राहतो. विशेषतः वारा पडलेल्या थंड रात्री आणि पहाटे.

हा वायू आपल्या माणसांना अगदी अपरिचित नाही. आमचे गाव यावल तालुक्यातले. मी लहान असताना चैत्र-वैशाखात विहिरीतला गाळ काढायचा असला की आजोबा कोणालाही आत उतरू देण्याआधी दोराला पेटता कंदील बांधून सोडत. एका वर्षी, बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत, कंदील अर्ध्यावर गेला आणि त्याची ज्योत आखडू लागली. आधी तिचा पिवळेपणा गेला, मग ती वातीला चिकटलेला निळा ठिपका झाली आणि मग नाहीशी झाली. काच काळवंडली नव्हती, वारा नव्हता, तेल पुरेसे होते. वर ओढून पुन्हा पेटवला तर तो नेहमीसारखा जळू लागला. आजोबांनी त्या दिवशी काम बंद केले. ही रीत आज कोणी वापरावी असे मी सुचवत नाही, कारण विषारी वायू ज्योत न विझवताही माणसाला मारू शकतो आणि जळणारा वायू असला तर कंदिलानेच भडका उडेल. पण ज्या वायूला रंग नाही, वास नाही, त्याला एक पातळी असते आणि त्या पातळीखाली दिवा जळत नाही, हे मी त्या कंदिलात पाहिले. खोऱ्यातल्या प्रत्येक खोलगट जागेकडे आपण त्या विहिरीसारखे पाहावे, एवढीच विनंती आहे.

विहिरीचे दुसरे दुःख आपल्याला ठाऊक आहे. एक आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कॅलिफोर्नियातील मॅमथ पर्वतावर एप्रिल २००६ मध्ये अगदी हेच झाले. तिथल्या बर्फावरच्या सुरक्षा पथकातील माणसे वाफेच्या एका मुखाभोवतीचे कुंपण सावरत होती; मुखाच्या उष्णतेने बर्फ आतून पोकळ झाला होता, तो खचला आणि दोघे आत पडले. तिसरा मदतीला उतरला. तिघेही मेले. ही सगळी प्रशिक्षित माणसे होती. यलोस्टोनमध्ये १९८१ साली एका तरुणाने मित्राचा कुत्रा गरम झऱ्यात पडला म्हणून त्याच्यामागे उडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. त्या उद्यानात आजवर वीसहून अधिक माणसे उकळत्या पाण्याने भाजून दगावली आहेत, आणि अस्वलांनी मारलेल्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे. निघण्यापूर्वी चौघांनी बसून एक गोष्ट ठरवून घ्यावी की कोणी खाली गेला तर कोणीही त्याच्यामागे धावणार नाही. ज्या जमिनीने एकाला आत घेतले ती दुसऱ्यालाही घेईल. दोर किंवा लांब काठी भरवशाच्या जागेवरून पुढे करावी. मुलगा आणि वडील एकत्र असताना हे पाळणे फार कठीण आहे, म्हणूनच ते घरी ठरवायला हवे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. शोशोनीचे खोरे सरोवराच्या पश्चिम टोकाला आहे आणि डांबरी रस्त्यापासून एका बाजूचेच अंतर दहा किलोमीटरांहून अधिक आहे. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. रात्री राहायचे तर उद्यानाचा परवाना लागतो आणि नेमून दिलेल्या जागीच तंबू लावावा लागतो. धगीच्या भागात नेमलेली पायवाट सोडायची नाही, असा उद्यानाचा नियम आहे. दूरच्या खोऱ्यात पाहणारा कोणी नसला तरी तो लागू आहे. गव्यांच्या आणि हरणांच्या खुरांचे माग पाहून त्या वाटेने जाऊ नये. जनावरे जिथून गेली तिथे जमीन पक्की, हा आपल्या रानातला समज तिथे चालत नाही, कारण झऱ्यांमध्ये त्याच जनावरांची हाडे सापडतात. बुंध्याशी पांढरी पडलेली, वाळून उभी असलेली झाडे दिसली तर गरम पाणी तिथवर पोहोचले आहे, असे समजावे. गरम झऱ्यांतून वाहत आलेल्या ओढ्याचे पाणी, ते थंड असले तरी, पिऊ नये; त्यात आर्सेनिक असू शकते आणि ते उकळून किंवा साध्या गाळणीने जात नाही. मोबाइलला तिथे संपर्क मिळणार नाही असे धरून चालावे आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण सोबत घ्यावे. अस्वलांसाठीचा फवारा पिशवीत नव्हे, कमरेला असावा. सप्टेंबरमध्ये तिथे बर्फही पडू शकतो.

भाजलेच तर त्या भागावरचे ओले गरम कपडे व बूट तत्काळ काढावेत आणि स्वच्छ थंड पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. कपडा कातडीला चिकटला असेल तर तो ओढू नये. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. जवळ पाणी कोणते थंड आहे हे मात्र आधीच पाहून ठेवलेले असावे, कारण त्या खोऱ्यात प्रत्येक ओढा थंड नसतो.

माझे मत विचाराल तर आपण जावे. पण पहिले दोन दिवस त्याच उद्यानातील ओल्ड फेथफुल आणि नॉरिस या भागांतल्या फळ्यांच्या वाटांवर द्यावेत. तिथे मुखाचा काठ, साय धरलेली कडा, रंगीत शेवाळी थर हे सारे हाताच्या अंतरावरून दिसते आणि डोळा तयार होतो. ते रंग उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे असतात. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला यलोस्टोनच्या अशाच एका झऱ्यात थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू मिळाला, आणि त्याच्यापासून मिळालेले विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर तपासणीचा पाया ठरले. कोरोनाच्या काळात आपल्या सर्वांच्या नाकातून घेतलेले नमुने ज्या पद्धतीने तपासले गेले, तिचे मूळ एका झऱ्यातल्या त्या थरात आहे. त्यावर बूट पडला तर तो ठसा वर्षानुवर्षे राहतो. शोशोनीत पोहोचल्यावर आपण पायवाटेवर थांबावे, चांगली दुर्बीण न्यावी आणि मुलालाही वाटेवरच थांबवावे. इंजिनाच्या पायरीवरून आपण जसे ऐकत होतात तसे ऐकावे. प्रत्येक मुखाचा आवाज वेगळा असतो, आणि तो ऐकण्याचा कान आपल्याजवळ तयार आहे.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. दरवर्षी आम्ही मुलांना अडावदजवळच्या उनपदेवला नेतो. यंदा एका मुलीने विचारले की सातपुडा लाव्हाचा बनलेला आहे आणि इथे गरम पाणी येते, म्हणजे खाली ज्वालामुखी जिवंत आहे का? मला नेमके उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : मुलीला सांगा की तिने दोन खऱ्या गोष्टी जोडल्या, फक्त त्या दोन गोष्टींच्या मध्ये साडेसहा कोटींहून अधिक वर्षे आहेत.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिला. लाव्हा आणि तप्त राख किती लवकर थंड होतात याचे एक बोलके उदाहरण अलास्कात आहे. तिथे जून १९१२ मध्ये कातमाईच्या परिसरात विसाव्या शतकातला सर्वांत मोठा उद्रेक झाला आणि एक सबंध खोरे तप्त राखेने भरून गेले. १९१६ मध्ये रॉबर्ट ग्रिग्ज तिथे पोहोचले तेव्हा राखेखाली गाडल्या गेलेल्या पाण्याची वाफ असंख्य भेगांतून उसळत होती आणि त्यांनी त्या जागेला ‘दहा हजार धुरांचे खोरे’ असे नाव दिले. आज नाव तेच आहे. परंतु राख थंड झाली तशी ती मुखे काही दशकांतच जवळजवळ सगळी विझली. इतकी वाफ एका माणसाच्या आयुष्यात संपते, तर आपल्या लाव्हात मूळची उष्णता उरण्याचा प्रश्नच नाही.

मग उनपदेवचे पाणी कशाने तापते? पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतसे तापमान दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढते. हे ज्वालामुखी नसलेल्या प्रदेशातही घडते. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांतून भूकवचातल्या मोठ्या भेगांचा एक पट्टा पूर्व-पश्चिम गेलेला आहे. डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी या भेगांतून खूप खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने, सातपुड्याच्या पायथ्याशी, पुन्हा वर येते. शहाद्याजवळचे उनपदेव आणि पूर्वेला अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरचे सालबर्डी याच डोंगररांगेच्या आधाराने आहेत. गोमुखातून पडणारे ते पाणी, म्हणजे कधीकाळी सातपुड्यावर पडलेला पाऊसच आहे, हे मुलांना सांगितले तर त्यांना ते ज्वालामुखीपेक्षा कमी नवलाचे वाटणार नाही. आपण आंघोळीच्या पाण्याला ‘ऊन पाणी’ म्हणतो. देवाच्या नावातही तोच ऊन शब्द आहे, असे मला वाटते.

मुलांना खरा ज्वालामुखी दाखवायचा असेल तर धुळे-नंदुरबारकडे सहल न्यावी. तिथल्या माळरानावर काळ्या दगडाच्या, बांधल्यासारख्या सरळ भिंती मैलोन्‌मैल गेलेल्या दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम. अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद भूशास्त्रज्ञांनी केली आहे आणि त्यांतल्या काही वीस किलोमीटरांपेक्षाही लांब आहेत. लाव्हा ज्या भेगांमधून वर चढला त्या भेगांत शेवटी गोठलेला रस म्हणजे या भिंती. भोवतालचा खडक झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. त्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. जळगाव जिल्ह्यातल्या दगडखाणींत अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे चकचकीत स्फटिक निघतात, तेही मुलांच्या हातात द्यावेत. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांमध्ये पुढे गरम पाणी खेळत राहिले आणि त्याने हे स्फटिक जमवले. खानदेशात एकेकाळी गरम पाणी खडकाखडकातून फिरत होते, याचा तो पुरावा मुठीत मावतो.

कुंडावर मात्र मोठ्या माणसाने आधी हाताने पाणी पाहावे, लहान मुलांना थेट धारेखाली उभे करू नये, आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी फार वेळ बसू नये. त्वचारोग बरा होतो अशी श्रद्धा आहे, तिचा आदर ठेवून सांगतो की डॉक्टरांचे औषध बंद करू नये.

प्रश्न : आम्ही शहाद्याच्या महाविद्यालयातील सात मित्र आहोत. परदेशी जाणे शक्य नाही. भारतात जमिनीतून उसळणारी वाफ कुठे पाहता येईल? अंदमानच्या बॅरन बेटावर उतरता येते का?
— शहादा, जिल्हा नंदुरबार

उत्तर : बॅरन हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. दोन शतकांच्या जवळपास शांत राहिल्यावर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून उद्रेक होत आले आहेत. बेटावर वस्ती नाही. पर्यटकांनी तिथे उतरण्याचा विचार सोडून द्यावा. जहाज जाणार असेल आणि परवानगी असेल तर समुद्रातूनच पाहावे.

तुमच्यासाठी जागा म्हणजे लडाखमधले पुगा खोरे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, बर्फाळ डोंगरांच्या मध्ये, चिखलाची उकळती डबकी, वाफ, पांढरा टाकणखार आणि पिवळा गंधक तुम्हाला एकाच ठिकाणी दिसेल. तिथेही ज्वालामुखी नाही. दोन भूखंडांच्या टकरीत तापलेल्या खोल खडकांची ती उष्णता आहे. त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते. तोरणमाळला चढल्यावर हा फरक तीन-चार अंशांचाच असतो, म्हणून तो आपल्या ध्यानात येत नाही. लेहला पोहोचल्यावर किमान दोन-तीन दिवस विश्रांती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. विरळ हवेने तिथे वाफेपेक्षा जास्त माणसे आजारी पडतात. डोके दुखू लागले, उलटी झाली, चालताना तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी खाली उतरायचे, मग खोरे अर्ध्या तासावर राहिलेले असले तरी. परवान्यांचे नियम बदलत असतात. लेहमध्ये पोहोचताच ते विचारून घ्यावेत. डबक्यांच्या काठच्या जमिनीविषयी वर भुसावळच्या वाचकांना जे लिहिले, ते तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : माझी सून न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असते. ती म्हणते, तिथे जमिनीच्या वाफेवर स्वयंपाक करतात. आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत. सोबत तांदूळ-डाळ नेऊन रानातल्या एखाद्या वाफेच्या मुखावर खिचडी शिजवावी, असे माझ्या मनात आहे. तसे करता येईल का?
— एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : रानातल्या मुखावर नको. अशा मुखातून काय वायू येतात आणि काठची जमीन किती भार पेलेल हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. यलोस्टोनमध्ये तर ते गुन्हा ठरते. २०२० मध्ये शोशोनीच्याच खोऱ्यात काही जण गोणपाटात बांधून दोन कोंबड्या गरम झऱ्यात शिजवताना सापडले आणि त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले.

पण आपली सून म्हणते ते खरे आहे. ऑकलंडहून मोटारीने तीन तासांवर रोटोरुआ आहे आणि त्याला लागून व्हाकारेवारेवा हे माओरी लोकांचे गाव आहे. तिथली घरे वाफेच्या मुखांच्या मध्येच वसलेली आहेत. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठरवलेल्या मुखांवर लाकडी पेट्या बसवल्या आहेत. पेटीत मांस, रताळी, भाज्या ठेवतात, झाकण लावतात आणि ते वाफेवर शिजते. कोणत्या मुखावर पेटी बसवायची आणि कोणत्या मुखाकडे फिरकायचेही नाही, हे त्यांना ठाऊक आहे, कारण त्यांची मुले तिथेच वाढतात. आइसलँडमध्ये लौगारवात्नच्या सरोवराकाठी राईच्या पिठाचे भांडे गरम वाळूत पुरून चोवीस तासांनी पाव काढतात. आपल्याकडे हिमाचलमधल्या मणिकरणला गुरुद्वाऱ्याच्या लंगरचे तांदूळ-डाळ कुंडातल्या पाण्यावरच शिजतात. खिचडीची हौस तिथे नक्की भागेल.

व्हाकारेवारेवात पाहुण्यांना जेवण मिळते, आणि तिथल्या उकळत्या झऱ्यात पिशवी सोडून शिजवलेली मक्याची कणसेही मिळतात. ती अवश्य खावीत. आपल्या तालुक्यातल्या मक्याशी चव ताडून पाहावी आणि आम्हाला कळवावे.